उद्योगी माणसांची ग्लानी

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी इंग्रजीचे एक तरुण अध्यापक होते. विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध ते नुसता तपासून परत करीत नसत. समासात बारीक अक्षरांत आपले म्हणणे लिहीत, आणि पुष्कळदा ते म्हणणे मूळ निबंधाहूनही लांब होई. आठनऊ वर्षे हा क्रम चालला. पुढे समास हळूहळू कोरे राहू लागले. निबंधावर केवळ गुण येऊ लागले. तास चुकत नव्हता की हजेरी चुकत नव्हती. परंतु विद्यार्थ्यांविषयी पूर्वी ज्या आपुलकीने ते बोलत, तिच्या जागी एक कोरडा उपहास आला होता. एकदा ते आम्हांस म्हणाले, "सर, वर्गात मी बोलतो खरा, पण ते बोलणे मला दुसऱ्याच कोणाचे वाटते." आम्ही विभागप्रमुख होतो. रिकामे मन हेच सर्व दुःखांचे मूळ होय, असा उपदेश आम्ही त्यांस वडीलकीच्या नात्याने केला. आणि मन गुंतून राहावे म्हणून परीक्षा-विभागाचे कामही त्यांजकडे सोपविले. त्या वर्षाअखेर त्यांनी राजीनामा दिला. जाताना उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा ते आमच्या मेजावर ठेवून गेले. त्यातील एकही उत्तरपत्रिका तपासावयाची राहिली नव्हती.

आळशी मनुष्य असे करीत नाही. मग त्यांस झाले होते काय, हा प्रश्न आम्हांस तेव्हा पडावयास हवा होता. तो पडला पुढे. त्याचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, त्यातील काही भाग येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

इंग्रजीत ह्या अवस्थेस 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली संमत केलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, आपल्या कामापासून मन दूर जाणे, अथवा त्याविषयी कडवटपणा वा तुच्छता वाटणे, आणि कार्यक्षमता कमी होणे. संघटना हिला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उत्पन्न होणारी अवस्था, असे म्हणते. आम्ही येथे तिला 'ग्लानी' म्हणू. नुसता थकवा निराळा. समईत तेल असते तोवर वात उजेड देते आणि फारशी झिजत नाही. तेल संपले म्हणजे वात स्वतःच जळू लागते. दुरून पाहणारास दोन्ही वेळी ज्योत दिसते, म्हणूनच फसगत होते.

ही अवस्था यंत्रयुगाची अथवा संगणकयुगाची संतती आहे, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात अनेक ख्रिस्ती तपस्वी एकेकट्या कुटीत राहून प्रार्थना आणि हातकाम करीत असत. त्यांपैकी इव्हॅग्रियस हा मोठा विद्वान. तो मूळचा पाँटस प्रांतातला. राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथील मानाचे जीवन सोडून तो वाळवंटात आला आणि तेथेच ३९९ साली वारला. तपस्व्याच्या मनाला ग्रासणाऱ्या आठ विकारांचे त्याने वर्णन केले आहे. त्यांतील सर्वांत जाचक विकारास तो मध्याह्नीचे पिशाच्च म्हणतो. भरदुपारी भुते हिंडतात, हा समज आपल्याकडेही आहेच. सकाळी दहाच्या सुमारास हे पिशाच्च येते आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडते. सूर्य पुढे सरकतच नाही असे वाटू लागते; तपस्वी पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटावयास येत आहे काय हे न्याहाळतो; ही जागा, हे हातकाम, हे आयुष्य ह्यांचा त्यास वीट येतो; सहवासी बंधूंच्या मनातून माया आटली आहे असे वाटते; आणि दुसऱ्या कोठे तरी गेल्यास सर्व सुरळीत होईल अशी मोहक चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. शाळा-कचेरीत वीस वर्षे काढलेल्या कोणत्याही वाचकास ह्यात अपरिचित असे काय आहे?

ह्या विकाराचे ग्रीक नाव 'अकेडिया' होय. त्याचा मूळ अर्थ आस्थेचा अभाव. शक्ती गेली असे ते लोक म्हणाले नाहीत, आस्था गेली असे म्हणाले. हे निदान आम्हांस फार मार्मिक वाटते. शिवाय ज्यांस हा विकार जडे, ते घरदार सोडून आलेले, निष्ठावंत लोक होते. ज्याने कशाचीच आस्था धरली नाही, त्याची आस्था आटणार तरी कशी? अँटनी नामक वृद्ध तपस्व्याविषयी एक कथा त्या लोकांत सांगत असत. तो असाच ग्लानीने हैराण झाला असता त्यास आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोर वळीत होता. थोड्या वेळाने उठून प्रार्थना करी, आणि पुन्हा दोर वळावयास बसे. असे करशील तर तरशील, असे त्यास सांगण्यात आले. ह्यात काम सोडावयास सांगितलेले नाही, आणि अधिक काम करावयासही सांगितलेले नाही. एका कामाने शिणलेल्या मनास दुसऱ्या प्रकारच्या व्यवसायाने उसंत द्यावी, एवढेच सांगितले आहे.

पुढे ह्या शब्दाचे दैव पालटले. पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅसियनने हा विचार पश्चिम यूरोपात नेला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी ह्याने पापांची यादी नव्याने मांडताना अकेडियेस खिन्नतेत मिळवून टाकले. आणि कालांतराने सात महापातकांच्या प्रचलित यादीत तिच्या जागी केवळ आळस उरला. निष्ठावंतांचे दुखणे निरुद्योग्यांचे पाप होऊन बसले. आम्ही आमच्या सहकाऱ्याविषयी जी चूक केली, ती अशी शतकानुशतकांची जुनी आहे; तेवढ्याने ती क्षम्य ठरत नाही, ही गोष्ट वेगळी.

एकोणिसाव्या शतकात हे दुखणे धर्मगुरूंकडून वैद्यांकडे आले. न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड ह्या वैद्याने १८६९ साली त्यास 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असे नाव दिले, आणि १८८१ च्या आपल्या ग्रंथात वाफेचे यंत्र, तारायंत्र, वर्तमानपत्रे, शास्त्रांची वाढ आणि स्त्रियांचा बौद्धिक व्यवसाय ही त्याची कारणे सांगितली. रोग्यावरील पापाचा शिक्का पुसला गेला, हा लाभ खराच. परंतु मनुष्य म्हणजे शक्तीचा एक साठा, तो रिता झाला की भरावा, असा हिशेब रूढ झाला. फिलाडेल्फियाचे वैद्य वेअर मिचेल ह्यांनी त्यावर सक्तीच्या विश्रांतीचा उपचार काढला: कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहावे, दूध व पौष्टिक अन्न भरपूर घ्यावे, अंग रगडून घ्यावे, आणि वाचन-लेखन बंद. शार्लट पर्किन्स गिलमन ह्या अमेरिकन लेखिकेने १८८७ साली हा उपचार घेतला. तिचे दुखणे अतिश्रमाचे नव्हते. मुलीच्या जन्मानंतर तिला घोर खिन्नतेने ग्रासले होते. तिला निरोप मिळाला की, घरसंसारात राहावे आणि लेखणीस पुन्हा स्पर्श करू नये. हा निरोप पाळताना तिला वेड लागावयाची वेळ आली. तो झुगारून ती कामाकडे वळली तेव्हा कोठे सावरली. 'द यलो वॉलपेपर' ही तिची १८९२ ची कथा ह्या अनुभवातूनच निघाली. तात्पर्य, विश्रांती आवश्यक असली तरी केवळ विश्रांती हे औषध नव्हे. जे काम मनास जगविते तेच काढून घेतले तर विश्रांती ही शिक्षा होते.

मग औषध कोणते? ह्या बाबतीत जॉन स्टुअर्ट मिल ह्याचे आत्मचरित्र फार उपयोगी पडते. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ आदराने वाचले, त्या मिलला तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकविण्यास त्याच्या पित्याने आरंभ केला होता. सतराव्या वर्षी, १८२३ साली, तो लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत लागला. तेथील कामाखेरीज लेख, वादसभा आणि बेंथॅमच्या पुराव्यावरील पाच भागांच्या ग्रंथाचे संपादन, हे सर्व चालूच होते. १८२६ च्या शरद ऋतूत, विसाव्या वर्षी, त्याने स्वतःस एक प्रश्न विचारला: ज्या सुधारणांकरिता आपण झटतो त्या सगळ्या ह्या क्षणी घडून आल्या, तर आपणांस आनंद होईल काय? मनाने स्पष्ट उत्तर दिले, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो केवळ सवयीच्या बळावर यंत्राप्रमाणे काम करीत राहिला. घरात कोणास त्याची वार्ता नव्हती. पित्यास सांगण्याचा तर विचारही त्यास शक्य वाटला नाही. पुढे मार्माँतेल ह्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, पित्याच्या मृत्यूनंतर लहान मुलगा घरच्यांस धीर देतो तो प्रसंग आला, आणि मिलच्या डोळ्यांस पाणी आले. आपण अगदीच दगड झालेलो नाही, हे कळून त्याचा भार हलका झाला. १८२८ साली वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने उरलेले काम केले. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, मिलने नोकरी सोडली नाही. १८५८ पर्यंत, म्हणजे एकंदर पस्तीस वर्षे, तो त्याच कचेरीत राहिला. सुखाचा थेट पाठलाग केल्याने सुख लाभत नाही, आणि बुद्धीइतकीच भावनेचीही मशागत करावी लागते, हे दोन धडे तो त्या प्रसंगातून शिकला. तेल त्याला कामाबाहेरून आणावे लागले.

सर्वांस हे साधतेच असे नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर हा हायडेलबर्ग येथे प्राध्यापक असता १८९७ साली त्याचा पित्याशी तीव्र कलह झाला आणि लवकरच पिता वारला. त्यानंतर वेबरची झोप गेली, व्याख्यान देणे अशक्य झाले, वाचनही सुटले. कित्येक वर्षे प्रवास आणि उपचार करून अखेर १९०३ साली त्याने आपले पद सोडले. आणि १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट धर्म व भांडवलशाही ह्यांवरील प्रसिद्ध निबंध लिहिला. व्यवसाय हेच ईश्वराने नेमून दिलेले कर्तव्य, ही श्रद्धा आटून गेली तरी तिने लावलेली कामाची सक्ती मात्र मागे राहिली, असे त्याचे प्रतिपादन आहे. ज्यास कर्तव्याच्या ओझ्याने अंथरुण धरावयास लाविले, त्यानेच त्या ओझ्याची वंशावळ शोधली. तेव्हा पद सोडणे हे प्रत्येक वेळी पळून जाणे नसते, एवढे कबूल केले पाहिजे.

आजचा शब्द रूढ झाला तो १९७४ नंतर. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हा मानसतज्ज्ञ दिवसभर आपला व्यवसाय करून न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबत असे. तेथील स्वयंसेवकांची आणि स्वतःची अवस्था पाहून त्याने त्या साली जो लेख लिहिला, त्यात हे नाव आले. येथेही रोगी कोण, तर पदरमोड करून दुसऱ्यांची सेवा करणारे लोक! ईजिप्तच्या कुटीपासून ह्या दवाखान्यापर्यंत ही गोष्ट बदललेली नाही.

ह्या सर्वांवरून आम्ही काढलेला निष्कर्ष थोडक्यात असा. ग्लानीची पहिली खूण थकव्यात न दिसता बोलण्यात दिसते. ज्या मनुष्याने आजवर आपल्या कामाविषयी ममत्वाने बोलावे, तो त्याची थट्टा करू लागला म्हणजे सावध व्हावे. दुसरे, ज्याचा आपल्या उद्योगाशी काही संबंध नाही आणि ज्यापासून काही लाभ नाही, असा एखादा नाद प्रत्येकाने बाळगावा. गाणे असो, बाग असो, की नातवंडांशी पत्ते खेळणे असो. तिसरे, आपली अवस्था निदान एका माणसास तरी सांगावी; मिलचे महिने मौनामुळे अधिक जड गेले. आणि चौथे, जे आम्हांस विशेष लागू आहे: ज्याच्या हाती दुसऱ्याच्या कामाची वाटणी आहे, त्याने उपदेशापूर्वी ओझे मोजावे. ताण नीट हाताळला गेला नाही, असे त्या वर्गीकरणात म्हटले आहे. तो हाताळण्याचे काम एकट्या शिणलेल्या माणसावर टाकता येत नाही.

त्या सहकाऱ्यांस आम्ही गेल्या वर्षी पत्र लिहून आमची चूक कबूल केली. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. त्यात राग नव्हता, परंतु परत येण्याची गोष्टही नव्हती. ह्या वर्षी आमच्या विभागातील एक बाई सांगू लागल्या की, मूल्यांकन समितीचे अहवाल लिहिता लिहिता शिकविण्याची तयारी करावयास उसंत मिळत नाही, आणि आताशा त्याचे काही वाटतही नाही. ह्यातील शेवटचे शब्द आम्ही पूर्वी कदाचित ऐकलेही नसते. ह्या खेपेस आम्ही उपदेश केला नाही. अहवालाची फाइल त्यांजकडून मागून घेतली, आणि ती तूर्त आमच्या मेजावर आहे.