अंत्युखियातली पंगत

धर्मप्रसार म्हटलं की प्रवचनं, पुस्तकं आणि वादविवाद डोळ्यांसमोर येतात. पण ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातलं एक फार मोठं वळण जेवणाच्या पंगतीत आलं, असं मला वाटतं.

पहिल्या शतकाच्या मध्यावरची गोष्ट. स्थळ अंत्युखिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा याच शहरात मिळालं. इथे यहुदी आणि बिगरयहुदी अनुयायी एकत्र जेवत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्रही त्यांच्यात बसायचा. मग यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली आणि पेत्र हळूच वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदीही उठले. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर खडसावलं. पौलाने स्वतःच गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ही हकिकत सांगितली आहे.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे त्याला शब्दच आहे: पंक्तिभेद.

प्रश्न नुसत्या जेवणाचा नव्हता. परक्या माणसाला येशूच्या मागे यायचं असेल, तर त्याने आधी यहुदी व्हायचं का? सुंता करायची का? इ.स. ५०च्या सुमारास यरुशलेममध्ये यावर बैठक झाली. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात तिचं वर्णन आहे. ठरलं ते असं: सुंतेची सक्ती नाही. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी आणि व्यभिचार एवढं टाळा. म्हणजे ऐकणाऱ्याला बदलायला सांगताना सांगणारेही बदलले.

आणखी एक गोष्ट. या प्रेषितांच्या हाती सत्ता नव्हती. पौलाने तर मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. त्यांचं ऐकणारा माणूस 'नको' म्हणून सरळ घरी जाऊ शकत होता.

आता गोव्यात येऊ. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तिथे पोचला. साष्टीत राहून त्याने इथल्या भाषा आत्मसात केल्या आणि १६१६ साली रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. रोमन लिपीत, पण मराठीत. जवळपास ११ हजार ओव्या! त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं आहे. परक्या माणसाने आपल्या भाषेवर इतकं प्रेम केल्याची उदाहरणं थोडी.

पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. साष्टीतली देवळं पाडली गेली होती. नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणं वाचायची बंदी होती, आणि ती पोकळी भरायला हे नवं पुराण आलं. स्टीफन्सचं मराठी मला मनापासून आवडतं, म्हणूनच हे जास्त टोचतं. भाषा आपली होती, पण 'नको' म्हणायची सोय उरली नव्हती. आणि गंमत म्हणजे इतकं सगळं होऊनही गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जात टिकलीच. देव बदलला, पंक्तिभेद राहिला.

तिसरं उदाहरण घरातलं आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं होतंच. ते कसं सुटत गेलं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मिश्कीलपणे सांगितलंय. ते त्यांनी सोडलं ते स्वतःला पटल्यावर. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आज श्रद्धा सांगायला जहाजात बसावं लागत नाही, ती मोबाइलवर येते. धर्म कोणताही असो, सांगणाऱ्याला मी दोन प्रश्न विचारेन. मी 'नको' म्हटलं तर आपली मैत्री राहील का? आणि 'हो' म्हटलं तर तुमच्या पंगतीत मला नेमकं कुठे बसवाल?

दोन हजार वर्षांपूर्वी पौलाने पेत्राला अडवलं ते दुसऱ्या प्रश्नावरच.