पोटाची बखर

मराठी भाषेनं पोटाची जेवढी काळजी वाहिली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्याही अवयवाची वाहिलेली नाही. कुणाचं पोट हातावर असतं, कुणी दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो, कुणी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतो. अपराध पोटात घालतात, माया पोटात असते आणि बदलीची यादी लागायची असली की गोळाही तिथंच येतो. घरमालकाला पोटभाडेकरू असतो, लोकशाहीला पोटनिवडणूक असते, आणि आम्हा बँकवाल्यांना तर पोटनियमांशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण पोटावर दिसणाऱ्या स्नायूंना? एक शब्द नाही. माझा तर्क असा की आपल्या पूर्वजांना ते कधी दिसलेच नाहीत. जे दिसत नाही त्याला मराठी माणूस नाव ठेवत नाही. जे दिसतं त्याला मात्र ठेवल्याशिवाय राहत नाही.

शेवटी शब्द बाहेरून आणावा लागला. २००७ साली 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुख खाननं अंगरखा उतरवला आणि 'सिक्स पॅक' हा शब्द आळंदीपासून आरोंद्यापर्यंत पोचला. मुळात अमेरिकेत बिअरचे सहा डबे एकत्र बांधून मिळतात, त्या जुडग्याचं हे नाव. ज्या पदार्थानं पोट बिघडतं त्याचंच नाव सुधारलेल्या पोटाला देणं, याला फार मोठं मन लागतं.

आमच्या शाखेतल्या नव्या कॅशियरला सध्या हेच वेड लागलं आहे. डब्यात सहा उकडलेली अंडी, त्यांतले पिवळे बलक तो शेजारच्या काउंटरला देतो. शेजारचा काउंटर माझा. त्यामुळे त्याचं पोट जसजसं आत जातंय तसतसा जमाखर्चाचा मेळ माझ्याकडे बसतोय. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण खातं जुळत नसलं की मागची पानं चाळायची, ही आमची जात. तसं हे पोटाचं खातं मी मागे मागे चाळत गेलो.

पहिली नोंद अशी की हे चौकोन प्रत्येकाच्या पोटावर आहेत. बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत स्नायूंचे दोन पट्टे उभे उतरतात. मधून एक पांढरी शिवण जाते आणि साधारण तीन ठिकाणी आडव्या दोऱ्यांनी ते आवळलेले असतात. गादीला टाके घालतात ना, तसे. टाक्यांमधला भाग फुगतो, तोच चौकोन. टाके किती आणि सरळ की वाकडे, हे जन्मतःच ठरलेलं. त्यात व्यायामानं फरक पडत नाही. म्हणजे ऐवज आपलाच, फक्त तो लॉकरमध्ये आहे आणि लॉकरवर चरबीचं दार आहे. पुरुषांत अंगातली चरबी शंभरात दहा-बारा टक्क्यांवर उतरली की ते दार साधारण उघडतं. माझं दार चांगलं जाडजूड आहे. चोरीची भीती नाही.

पाश्चात्त्यांनी हे दार पहिल्यांदा उघडलं ते दगडात. ग्रीकांचे सगळे पुतळे पोट दाखवत उभे असतात. आणि त्यांच्या सेनानींनी तर कमालच केली. त्यांनी काशाच्या चिलखतावरच पोटाचे स्नायू ठोकून घेतले. आत काय वाटेल ते असो, वर कायम घडीव पोट! रोमनांनी ही युक्ती लगेच उचलली. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथं १८६३ साली सम्राट ऑगस्टसचा पुतळा सापडला. त्याच्या चिलखतावर छाती-पोट असं काही कोरलंय की पाहणाऱ्यानं लगेच जिमची फी भरावी. हा ऑगस्टस तब्येतीनं नाजूक, सतत आजारी. लोखंड न उचलता असं पोट मिळवणारा मला माहीत असलेला हा सर्वांत थोर पुरुष. आमच्या सौभाग्यवतींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही स्वेटरवर विणून घ्या."

आपल्याकडे दगड काही कमी नव्हता, आणि वेरूळ खोदणाऱ्यांना हात नव्हते असंही नाही. पण आपल्या देवांची पोटं पाहा. गुळगुळीत, भरलेली, आत श्वास धरून ठेवल्यासारखी. टाक्यांचा पत्ता नाही. आणि सगळ्यांत आधी ज्याला नमस्कार करायचा त्याचं तर नावच लंबोदर. तालमीतही तेच. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जे मल्ल उतरत आले, त्यांची घडण दूध, बदाम, तूप आणि मटण यांच्यावर झालेली. जोर-बैठका हजारांनी, पण पोट आपलं जागच्या जागी. कुस्तीत ते ओझं नसतं, भांडवल असतं. ज्याचं वजन खाली त्याला उचलणं कठीण. लाल मातीतल्या वस्तादाला कुणी विचारलं असतं की "वस्ताद, पोटाचे चौकोन दिसत नाहीत," तर त्यानं विचारणाऱ्यालाच चौकोनी करून पाठवला असता.

मग हे बदललं कुणी? त्याचं नाव युजेन सँडो. खरं नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर, जन्म १८६७ चा, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा. लहानपणी वडिलांबरोबर इटलीत गेलो, तिथले पुतळे पाहिले आणि अशीच माणसं आता का नसतात असं विचारलं, ही गोष्ट तो स्वतःच सांगत असे. खरी असो-नसो, जाहिरात म्हणून उत्तम आहे. १८८९ मध्ये लंडनला सॅम्प्सन नावाच्या बलदंडाला रंगमंचावर हरवून तो प्रसिद्धीला आला. तोवर शक्तीचे खेळ करणारे म्हणजे ढेरपोटे पिंपच असायचे. वजन उचललं की काम संपलं. सँडोच्या लक्षात आलं की लोकांना उचललेलं वजन पाहायचं नाही, उचलणारा पाहायचाय! तो अंगाला पांढरी पावडर फासून संगमरवरी पुतळ्यासारखा उभा राहू लागला. कॅमेरा नुकताच हाताशी आला होता, त्यामुळे फोटोही खपले. १८९४ मध्ये एडिसननं त्याचं चलच्चित्र घेतलं. ब्रिटिश म्युझियमच्या नैसर्गिक इतिहास विभागानं त्याच्या अंगाचा प्लास्टरचा साचा घेतला. माणसाकडे पाहून पुतळे घडवतात हे आपण ऐकून होतो. इथं पुतळ्याकडे पाहून माणूस घडला आणि त्याचा पुन्हा पुतळा झाला.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी त्यानं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा घेतली. परीक्षक दोन, एक शिल्पकार चार्ल्स लॉज आणि दुसरे साक्षात शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल. अंतिम पंच खुद्द सँडो. शिल्पकार समजू शकतो, पण डिटेक्टिव्ह कथा लिहिणारा कशाला? बहुधा स्नायू शोधून काढायला. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला. बक्षीस काय, तर सँडोचीच सोन्याची मूर्ती! आजही 'मिस्टर ऑलिम्पिया'च्या विजेत्याला सँडोचीच मूर्ती देतात.

पण माझ्यातल्या कारकुनाला थक्क केलं ते त्याच्या धंद्यानं. स्प्रिंगचे डंबेल, रबरी दोऱ्या, पुस्तकं, मासिक आणि पोस्टानं व्यायाम. आपली मापं कळवा, फी पाठवा, घरबसल्या शरीर येईल. १९०४-०५ मध्ये तो खेळ घेऊन हिंदुस्थानातही आला. पण त्याच्या आधीच त्याचा माल येऊन पोचला होता, आणि तोही थेट सातारा जिल्ह्यात.

औंधला. पुण्यातलं फ्लॅटवालं औंध नव्हे, खटाव तालुक्यातलं, यमाईचं. तिथले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली सँडोची सगळी उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं नेमानं त्याप्रमाणे व्यायाम केला. दहा वर्षं! आपल्याकडे पहिल्या महिन्याची फी भरून दुसऱ्या महिन्यात सायकलवर टॉवेल वाळत घालतात. पुढे राजेसाहेबांनी सँडो सोडला आणि सूर्यनमस्कार धरले. घरचेच, बिनखर्चाचे, दोऱ्या तुटण्याची भीती नाही. मग त्यांनी सगळ्या संस्थानाला नमस्कार घालायला लावले, शाळेत तो विषय केला, आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. सँडोनं पोस्टानं पाठवलेल्या मालाची ही परतफेड म्हणायला हरकत नाही. इकडे नमस्काराचं वेड इतकं वाढलं की १९३३ साली आचार्य अत्र्यांना 'साष्टांग नमस्कार' लिहून ते जरा आवरावं लागलं. एखाद्या व्यायामावर मराठीत नाटक आलं म्हणजे तो खरोखर रुजला, हे आपलं माझं मत.

त्याच काळात लोणावळ्याला, १९२४ साली स्थापन केलेल्या कैवल्यधामात, स्वामी कुवलयानंद नौलीचा अभ्यास करत होते. नौली म्हणजे पोट आत ओढून तेच दोन उभे पट्टे वेगळे काढून घुसळायचे. नौलीच्या वेळी आतड्यात दाब किती घटतो हे त्यांनी यंत्रं लावून मोजलं. म्हणजे ज्या स्नायूंना शब्द नव्हता त्यांना आपल्याकडे व्यायाम होता. पण तो आतड्यांसाठी. फोटोसाठी नव्हे.

आता आमच्या कॅशियरकडे वळू. तो रोज तीनशे सिट-अप्स काढायचा, म्हणजे उताणं पडायचं आणि अर्धं उठायचं. मी हे रोज सकाळी गजर झाल्यावर करतो, पण एकदाच. तर १९८४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेरा पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढून घेतल्या आणि पोटाची, पाठीची, कुल्ल्याची चरबी सुईनं काढून तपासली. पोटाची चरबी इतर जागांपेक्षा जास्त घटलेली नव्हती. चरबी ही मुदत ठेव आहे. मोडायची तर मोडा, पण कुठल्या शाखेतून पैसे निघणार हे हेड ऑफिस ठरवतं. आणि पोटाची शाखा बहुतेक पुरुषांत सगळ्यांत शेवटी बंद होते. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी शिलकीत असतात. त्या खर्ची पडायला रोजची भाकरी, भात आणि चालणं यांचा हिशोब महिनोन्‌महिने जुळावा लागतो.

कॅशियरला हे पटलं, त्याचं पोट दिसायलाही लागलं. पण तालुक्याच्या स्पर्धेआधी कातडी ताणून दिसावी म्हणून कुणीतरी त्याला दोन दिवस पाणी बंद करायला सांगितलं. सोमवारी तो काउंटरवर नोटा मोजता मोजता खाली बसला. ओठ पांढरे, बोटं आखडलेली. मी त्याला साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "काका, फोटो मात्र चांगला आला." चोवीस वर्षांचं पोर. सँडोची पावडर निदान धुतली की जात होती.

माझी गोष्ट वेगळी. माझे वडील मधुमेहानं गेले, आधी पायाचं बोट, मग पाऊल. त्यांना जाडा माणूस कुणी म्हटलं नसतं. हातपाय काड्या, समोर छोटीशी ढेरी, जी आमच्या घरात खात्यापित्या घरची खूण समजत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी युडकिनना ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांना २१.२! त्यांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. ती सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातली साडेतीन. स्नायू कमी, चरबी मात्र जवळजवळ राखलेली. म्हणजे आपली ही ठेव आईच्या पोटातच उघडलेली असते, आणि ती साठते आतड्यांभोवती. जी दिसत नाही तीच जास्त छळते.

आपल्याकडच्या पुरुषांना कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटरची. माझी गेल्या गुढीपाडव्याला ९८ होती, साखर काठावर. तेव्हापासून संध्याकाळी भात बंद, बलक कॅशियरला परत, आणि पहाटे औंधकरांचे पंचवीस नमस्कार. आता ९३ आहे. चौकोन अर्थातच दिसत नाहीत. कॅशियर आता पाणी पितो आणि जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन माझं माप घेतो. मुलगी कॉलेजात गेली आहे, तिनं वहीत आजोबांचं, माझं आणि तिचं अशी तीन कंबरांची ओळ आखून ठेवलीय. आजोबांचा रकाना रिकामा आहे. तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं.