तोरण्याचं वय आणि राजमहेंद्रीचे शिंपले

मंडळी, भोरहून वेल्ह्याकडे निघालात की तोरणा, राजगड दिसतात. सगळा काळा कातळ, लाव्हाचे थरावर थर. त्यात समुद्री शिंपला शोधूनही सापडायचा नाही. मग या कातळाचं वय कळलं कसं?

त्यासाठी आधी नागपूरला जाऊ. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली तिथे आले. तिकडे लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ दबलेला आहे आणि त्यात गोगलगायींचे शंख. त्यातल्या एकाचं नाव फायसा प्रिन्सेपी. पण अडचण बघा. तळ्यातली गोगलगाय ही त्या मुलखाची. तिच्यावरून युरोपातल्या थरांशी मेळ कसा घालणार? समुद्राचं तसं नाही. शिंपल्यांची इवली पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात. एखादी जात थोडा काळ जगून नाहीशी झाली, तर ती जिथे जिथे सापडेल ते थर साधारण एकाच काळाचे. उत्खननात नाणं सापडावं, तसंच हे.

असे समुद्री आणि खाडीतले शिंपले आंध्रात, गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीजवळ काटेरूला लाव्हाच्या थरांमध्येच मिळाले. १८६० साली हिस्लॉपनी नागपूरचे आणि काटेरूचे शंख-शिंपले एकत्र मांडले आणि हे सारे तृतीयक काळातले, असं म्हटलं. उलट नर्मदेच्या खोऱ्यात, बाघला, लाव्हाच्या खालच्या समुद्री थरात क्रिटेशस काळातले अमोनाइट. वाद शंभर वर्षांहून जास्त चालला.

मला यात तर्कातली एक गफलत दिसते. मधला थर एवढंच सांगतो, की खालचा लाव्हा त्याच्या आधीचा आणि वरचा नंतरचा. एका ठिकाणचं वय सगळ्या दख्खनला लावता येत नाही. नागपूरकडचे पुष्कळ थर आज क्रिटेशसच्या अखेरचे मानतात. काटेरूबाबत मात्र हिस्लॉप बरोबर ठरले! २००८ साली गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी राजमहेंद्रीच्या त्या मधल्या थरातल्या फोरामिनिफेरांवरून, म्हणजे भिंगाखालीच दिसणाऱ्या कवचधारी जीवांवरून, तो थर डायनोसॉर संपल्यानंतर लगेचचा, तृतीयकाच्या अगदी आरंभीचा ठरवला. म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

आता परत इकडे या. राजमहेंद्रीच्या खालच्या लाव्हाची रासायनिक घडण आपल्या शेजारच्या आंबेनळी घाटातल्या लाव्हाशी जुळते, वरच्याची महाबळेश्वरच्या लाव्हाशी. अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास! तेव्हा आंबेनळीचा तो कातळ डायनोसॉरांच्या अंताच्या आसपासचा, हे समुद्राच्या गाळातून कळलं.

हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले.