रोगकारक कवकांचे संवर्धन

पिकांवर रोग पाडणारी बुरशी प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवण्याची पद्धत. नमुना घेताना डागाचा मधला कुजका भाग टाळतात, कारण तिथे मृतोपजीवी बुरशींची गर्दी असते. रोगट व निरोगी ऊती जिथे भिडतात तिथला तुकडा कापतात. तो सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने निर्जंतुक करून, धुऊन माध्यमावर ठेवतात. सर्वांत रुळलेले माध्यम बटाट्याचे: २०० ग्रॅम बटाट्यांचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज व १५ ते २० ग्रॅम आगर, एकूण १ लिटर, ऑटोक्लेव्हमध्ये १२१° से.ला १५ ते २० मिनिटे. जिवाणू रोखण्यासाठी स्ट्रेप्टोमायसीन घालतात.

तुरीच्या मर रोगाची फ्युजेरियम उडम २५ ते २८° से.ला सहज वाढते. कांद्याच्या जांभळ्या करप्याची अल्टरनेरिया मात्र हट्टी: कवकजाल भरपूर, बीजाणू तुटपुंजे. मग आलटून पालटून उजेड-अंधार, निकट-अतिनील प्रकाश असे उपाय करावे लागतात.

द्राक्षावरील केवडा व भुरी यांचे रोगकारक मृत माध्यमावर वाढतच नाहीत. त्यांना जिवंत पान लागते. (केवड्याचा जीव आधुनिक वर्गीकरणात खरा कवकही नाही.) गव्हाचा तांबेराही महाबळेश्वरच्या संशोधन केंद्रात जिवंत रोपांवरच सांभाळतात.

वारंवार नव्या माध्यमावर घेतलेल्या बुरशीची रोगकारकता घटू शकते. म्हणून ती खनिज तेलाखाली, शीतशुष्क करून किंवा द्रव नायट्रोजनमध्ये साठवतात. भारताचा राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रह पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे.