पनाह आणि काटेरी तार

हिटलरच्या काळातील ज्यूंचा विषय निघाला की आमच्या वऱ्हाडात कोणी ना कोणी विचारतोच, ‘त्याचा आपल्याशी काय संबंध?’ प्रश्न अगदीच गैर नाही. अमरावती-अकोल्याच्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारावर हलत असे, पण बर्लिन आणि व्हिएन्नाच्या गल्ल्यांत काय चालले आहे हे वर्तमानपत्रातल्या चार ओळींपलीकडे इथे पोहोचत नव्हते. तरीही संबंध होता. त्या गल्ल्यांतून जीव घेऊन निघालेली काही माणसे आपल्याच महाराष्ट्रात, अहमदनगर, देवळाली, पुरंदर आणि सातारा येथे, युद्धाच्या काळात नजरकैदेत होती. त्यांना तिथे ठेवणारे नाझी नव्हते. ज्या इंग्रज सरकारने त्यांना पनाह दिली, त्यानेच त्यांना कैदेतही टाकले होते. या लोकांना वाचवले म्हणायचे की अडकवले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्राला ज्यू नवे नव्हते. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांना इथे कोणी धर्मासाठी छळले नाही, आणि हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९३३ नंतर मुंबईच्या गोदीत उतरणारा ज्यू वेगळा होता. त्याला मराठी येत नव्हते, त्याच्या हातात जर्मन पासपोर्ट होता आणि १९३८ च्या ऑक्टोबरपासून त्या पासपोर्टावर तो ज्यू असल्याची खूण म्हणून लाल अक्षर उमटवलेले असे. जर्मनीच्या लेखी तो जर्मन नव्हता. हिंदुस्थान सरकारच्या लेखी मात्र तो जर्मनच होता.

त्याला आत येऊ देण्याची रीत अशी, की इथे नोकरी ठरलेली हवी किंवा त्याचा भार सरकारवर पडणार नाही याची कोणीतरी हमी घ्यायला हवी. या कामासाठी १९३४ साली मुंबईत ‘ज्युइश रिलीफ असोसिएशन’ ही संस्था निघाली. तिने पैसा उभा केला, हमी घेतली, नोकऱ्या शोधल्या. संस्थेचे काम मोठे होते यात शंका नाही. पण हमी अमर्याद नसते. ती कोणासाठी तरी घ्यावी लागते आणि कोणाला तरी नाकारावी लागते. डॉक्टर, इंजिनिअर, कसबी माणूस यांची सोय लागत होती. व्हिएन्नातल्या एखाद्या म्हाताऱ्या शिंप्याची हमी कोण घेणार? उपयोगी पडेल त्याला वाचवावे, हा हिशेब कोणी लिहून ठेवला नसेल, पण तो चालू होता. डॉक्टरांच्याही वाटेत काटे होतेच. परदेशी डॉक्टर आले तर आमचा धंदा बसेल म्हणून इथल्या वैद्यकीय मंडळींनी कुरकुर केली. त्यावेळी त्यांची बाजू घेणाऱ्यांत डॉ. अब्राहम एरुलकर होते. ते बेने इस्राएल आणि गांधीजींच्या निकटचे डॉक्टर. एकूण आलेल्यांची संख्या हजार-दोन हजारांच्या घरात राहिली. तेव्हा देशाची लोकसंख्या अडतीस कोटींच्या पुढे होती. ज्या शांघायमध्ये व्हिसाच लागत नव्हता, तिथे सतरा-अठरा हजार ज्यू पोहोचले.

काँग्रेसमध्येही या प्रश्नावर एकमत नव्हते. जवाहरलाल नेहरूंनी १९३८ साली ज्यू निर्वासितांच्या बाजूने ठराव आणला. सुभाषबाबूंना तो पटला नाही, आणि १९३९ च्या मार्चमध्ये नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्यावर आश्चर्य व्यक्त केले. परराष्ट्रनीती भावनेवर चालत नाही, असा त्यांचा रोख होता. नेहरूंचे मन मोठे होते, पण त्यांचाही आग्रह प्रामुख्याने तज्ज्ञांसाठीच होता हे विसरता येत नाही.

आणि गांधीजी? वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपते. तिथून थोड्याच अंतरावर सेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच गांधीजींनी तिथून ‘हरिजन’साठी ज्यूंवर लेख लिहिला. पॅलेस्टाईन अरबांचे आहे असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. त्याच लेखात जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सल्ला दिला, की तिथेच राहा आणि सत्याग्रह करा. जेरुसलेमहून मार्टिन बूबर यांनी १९३९ च्या आरंभी त्यांना उत्तर लिहिले. बूबर वर्षभरापूर्वीच जर्मनी सोडून आले होते, नाझी राजवट काय असते हे त्यांना ऐकून माहीत नव्हते, भोगून माहीत होते. आपल्या मुस्लिम सभा-संमेलनांत या लेखातला पॅलेस्टाईनचा भाग हमखास सांगितला जातो. पुढचा भाग कोणी सांगत नाही. आम्हाला पहिला भाग पटतो, दुसरा पटत नाही, आणि लेख पुरा सांगायचा तर दोन्ही सांगावे लागतात.

हे इथेच संपत नाही. १९३९ साली इंग्रजांनी पॅलेस्टाईनचे दार जवळजवळ लावून घेतले आणि पाच वर्षांत पंचाहत्तर हजारांची मर्यादा घातली. अरबांच्या उठावाने त्यांना तसे करणे भाग पडले. हिंदुस्थानातले मुसलमान नाराज होतील ही चिंताही लंडनच्या हिशेबात होती. आपली जमीन जाते आहे म्हणून उठलेल्या अरबांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण नेमक्या त्याच वर्षी जर्मनीतल्या ज्यूला दुसरे दारही उघडे नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि देशभरातले जर्मन पुरुष पकडून अहमदनगरच्या छावणीत आणले गेले. त्यांत व्यापारी होते, मिशनरी होते, पक्के नाझी होते आणि नाझींपासून पळालेले ज्यूही होते. कराचीत अडकलेला गिर्यारोहक हाइनरिक हारर याच छावणीत आला. तिबेटमधल्या सात वर्षांवरील पुस्तकाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला. तो १९३८ पासून हिटलरच्या एसएस संघटनेचा सदस्य होता. म्हणजे ज्यांच्या भीतीने समुद्र ओलांडला, त्यांच्याच शेजारी जेवणाच्या रांगेत उभे राहण्याची पाळी. सरकारला हे कळत नव्हते असे नाही. माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून एकेकाची चौकशी झाली आणि बरेचसे ज्यू काही महिन्यांत सुटले. पण १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्स पडला, निर्वासितांच्या वेषात हेर असतील अशी हाकाटी उठली आणि सुटलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा उचलण्यात आले. कुटुंबवाल्यांसाठी पुरंदर आणि साताऱ्यात ठिकाणे झाली. तिथे तारेची सक्ती कमी, पण हद्द ओलांडायची नाही. १९४१ साली बाकीच्यांना अहमदनगरहून देवळालीला आणि तिथून डेहराडूनला हलवले. डेहराडूनला नाझी आणि नाझीविरोधक यांचे विभाग वेगळे करण्यात आले, एवढे तरी शहाणपण सुचले.

१९४१ च्या नोव्हेंबरात तर कहर झाला. परदेशात राहणाऱ्या सर्व ज्यूंचे नागरिकत्व जर्मनीने एका फर्मानाने काढून घेतले. आता ते कोणाचेच नव्हते. तरी शत्रू म्हणून इथे ज्यांची नोंद होती, त्यांची ती तशीच राहिली. कागदावरच्या नावावरून माणसाची निष्ठा जोखण्याची ही रीत आम्हा मुसलमानांना नव्याने समजावून सांगायला नको.

अहमदनगर म्हटले की आपल्याला मौलाना आझादांची किल्ल्यातली कैद आणि ‘गुबार-ए-खातिर’ आठवते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मौलाना आणि नेहरू त्या किल्ल्यात आले, तोवर जर्मन कैदी शहरातून गेलेले होते. ज्यांना आणा म्हणून नेहरू भांडले, ते आणि खुद्द नेहरू, थोड्या अंतराने एकाच गावात एकाच सरकारचे कैदी झाले.

जे मोकळे राहिले किंवा सुटले, त्यांनी मुंबईत काय केले हे वऱ्हाडाने तरी लक्षात ठेवावे. आकाशवाणीची सकाळची जी धून आपण वर्षानुवर्षे ऐकली, तिचे श्रेय वॉल्टर काउफमान या ज्यू संगीतकाराला दिले जाते. ते १९३४ साली मुंबईत आले होते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रुडी फॉन लायडन चित्रसमीक्षा लिहीत. वॉल्टर लँगहॅमर तिथे कलाविभागाचे प्रमुख होते. ते स्वतः ज्यू नव्हते, पण त्यांची पत्नी केथे ज्यू होती. व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत. १९४७ साली निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपला या तिघांचा मोठा आधार मिळाला. त्या ग्रुपमध्ये पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन होते, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा होते, आणि हरी अंबादास गाडे होते. हे गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. शंकरपटासाठी हे गाव साऱ्या वऱ्हाडाला माहीत आहे, गाडेंसाठी फार थोड्यांना. आसरा मागत आलेल्या माणसांनी इथल्या विशी-तिशीतल्या चित्रकारांना हात दिला, हे उपकाराचे उलटे माप म्हणायला हवे.

दिल्लीच्या जामिया मिल्लियात गेर्डा फिलिप्सबोर्न नावाची बर्लिनची ज्यू बाई लहान मुलांना शिकवीत असे. झाकीर हुसेन बर्लिनला शिकत असताना त्यांची ओळख झाली होती. जामियाकडे तेव्हा पगार द्यायला पैसा नव्हता, तरी तिच्यासाठी जागा होती. मुले तिला आपाजान म्हणत. सरकारने तिलाही जर्मन म्हणून काही काळ कैदेत ठेवले. १९४३ साली ती वारली आणि जामियाच्या कब्रस्तानात तिचे दफन झाले.

आणि मुहम्मद असद. त्यांचे कुरआनचे इंग्रजी भाषांतर आणि भाष्य आपल्याकडे अनेकांच्या कपाटात असते. हे असद १९०० साली लेम्बर्ग शहरात ज्यू घरात लिओपोल्ड वाइस म्हणून जन्मले आणि १९२६ साली बर्लिनमध्ये मुसलमान झाले. वडिलांनी आधी संबंध तोडले, पुढे १९३५ च्या सुमारास बाप-लेकांचा पत्रव्यवहार पुन्हा जुळला. १९३९ मध्ये असद यांनी आपल्या माणसांना बाहेर काढण्याची खटपट केली. ती साधली नाही. हिंदुस्थानात परतल्यावर युद्ध सुरू झाले आणि ऑस्ट्रियाचे, म्हणजे आता जर्मनीचेच, म्हणून त्यांना धरले गेले. सहा वर्षे ते तारेच्या आत होते. हजारो जर्मन, ऑस्ट्रियन आणि इटालियन कैद्यांत ते एकटे मुसलमान होते. नाझींच्या लेखी ज्यू, इंग्रजांच्या लेखी जर्मन, आणि स्वतःच्या लेखी उम्मतीतले एक. १९४२ साली नाझींनी व्हिएन्नाहून त्यांच्या वडिलांना आणि बहिणीला हद्दपार केले. दोघेही पुढे छळछावणीत मेले. त्या वेळी मुलगा एका छावणीत होता, बाप दुसऱ्या. मुलाच्या छावणीत जेवण मिळत होते, पुस्तके मिळत होती, आणि तिथून माणूस जिवंत बाहेर पडत होता.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये असद सुटले.