मिठाच्या पोटात दहा हजार वर्षं

न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडच्या गुहा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. पण त्याच कार्ल्सबॅड शहराच्या पूर्वेला, साधारण ४० किलोमीटरवर, माणसाने खोदलेली एक गुहा आहे. जमिनीखाली ६५५ मीटर, मिठाच्या थरात. अण्वस्त्रं बनवताना प्लुटोनियम लागलेले हातमोजे, हत्यारं, चिंध्या तिथे पुरतात. नाव ‘विप’.

मीठच का? १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने दिलेलं कारण अगदी सोपं आहे. वाहतं पाणी असतं तर मीठ कधीच विरघळून गेलं असतं. मीठ टिकलंय म्हणजे जागा कोरडी. शिवाय दाबाखाली मीठ हळूहळू सरकतं आणि भेगा आपोआप बुजवतं.

कागदावर सुंदर डिझाइन! १९७० साली अणुऊर्जा आयोगाने कॅन्ससमधल्या लायन्स गावची जुनी मिठाची खाण निवडली. पण राज्याच्याच भूशास्त्रज्ञांनी विचारलं, आजूबाजूला तेलासाठी पाडलेल्या जुन्या भोकांचं काय? त्यात शेजारच्या मीठ कंपनीने जमिनीत सोडलेलं बरंचसं पाणी गायबच झालं. १९७२ पर्यंत योजना गुंडाळावी लागली. आमच्या धंद्यात ‘टेस्टिंग’वाला नेहमी शिव्या खातो, पण इथे त्यानेच वाचवलं.

मग न्यू मेक्सिको. पहिला ट्रक आत गेला मार्च १९९९ मध्ये, म्हणजे त्या अहवालानंतर ४२ वर्षांनी. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटलं. कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही: ओल शोषायला मातीच्या ऐवजी गव्हापासून बनवलेलं ‘कॅट लिटर’ वापरलं होतं, त्याची आतल्या नायट्रेटशी रासायनिक क्रिया झाली. सुमारे तीन वर्षं काम बंद. खडक चुकला नव्हता, पिंप भरणारी माणसं चुकली होती.

प्लुटोनियमचं अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षं. विपसाठी कायद्याने हिशोब धरला तो १० हजार वर्षांचा. तेव्हाच्या माणसाला ‘इथे खणू नका’ हे सांगायचं कसं? १९९० च्या दशकात सँडिया प्रयोगशाळेने भाषातज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ वगैरे मंडळींना यावर विचार करायला बसवलं. ग्रॅनाइटच्या खांबांवर सात भाषांत इशारा कोरायचा बेत आहे, त्यात एक नव्हाहो. मला आपली मोडी आठवली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली लिपी, आणि आज पणजोबांचं खरेदीखत वाचायला जाणकार शोधावा लागतो! तिथे दहा हजार वर्षांची काय कथा?

वीजनिर्मितीतला जास्त घातक कचरा तर अजून बेवारसच आहे. १९८७ साली संसदेने नेवाडातला युक्का माउंटन हा एकच डोंगर पक्का केला. नेवाडाने कडाडून विरोध केला आणि २०१० मध्ये सरकारने हात काढून घेतला. तेव्हापासून वापरलेलं इंधन देशभर वीजकेंद्रांच्या आवारातच पडून आहे. उलट फिनलंडमध्ये गावाला नकाराचा अधिकार होता, गावाने होकार दिला, आणि २००४ साली ओंकालोचं खोदकाम सुरू झालं. तिथे तांब्याचे डबे, भोवती बेंटोनाइट माती, खाली सव्वाचारशे मीटरवर.

खडक दोन्ही देशांत आहे. गावाला आधी विचारलं, एवढाच फरक.

पुढच्या वेळी कार्ल्सबॅडला गेलात तर मुलांना ही दुसरी गुहाही सांगा. राखण त्यांच्याकडेच जाणार आहे.