ताण धरून ठेवण्याची कुळकथा

शर्यतीआधी मैदानाच्या कडेला बसून पाय लांब करायचा, अंगठा धरायचा आणि न हलता तीसपर्यंत आकडे मोजायचे. आसनात स्थिर राहणं आपल्याकडे जुनंच आहे. पण आधुनिक खेळाच्या मैदानावर ही रीत आली ती ताकदीसाठी नव्हे. तिचं मूळ अंगदुखीत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत हिसके देऊन वाकण्याची कवायत सर्रास चाले. सवय नसताना मेहनत केली की दुसऱ्या दिवशी अंग का दुखतं, याचा शोध कॅलिफोर्नियातले व्यायामशास्त्रज्ञ हर्बर्ट डीव्ह्रीज घेत होते. त्यांचा तर्क असा : स्नायूचा एखादा भाग आखडतो, तिथला रक्तपुरवठा अडतो, त्याने दुखतं आणि दुखण्याने तो आणखी आखडतो. सावकाश ताण देऊन तो धरून ठेवला, तर हे चक्र तुटेल. १९६२ मध्ये त्यांनी हिसक्यांची आणि स्थिर ताणाची तुलना प्रसिद्ध केली. लवचिकता दोन्हींनी वाढली, पण स्थिर ताणात इजेची भीती कमी, म्हणून त्यांनी कौल त्याला दिला. ताकद हा त्या तुलनेचा विषयच नव्हता.

पुढे बॉब अँडरसन यांचं ‘स्ट्रेचिंग’ हे पुस्तक १९७५ मध्ये आलं. पत्नी जीन यांनी काढलेल्या सोप्या रेखाचित्रांमुळे ते लाखो घरांत पोहोचलं. दुखण्यावरचा उपाय बघता बघता प्रत्येक खेळाआधीचा नेम झाला. मूळ तर्क मात्र टिकला नाही. पुढच्या चाचण्यांत ताण दिल्याने दुखणं शंभरच्या मापावर जेमतेम एक ते चार गुणांनी कमी झालेलं दिसलं.

ताकदीचा प्रश्न ऐरणीवर आला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. २००० मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी पोटरीला १३५ सेकंदांचे १३ ताण दिले. लगेच मोजलं तर पोटरीचा जोर २८ टक्क्यांनी घटला होता. तासाभरानंतरही ९ टक्के तूट उरली होती. सुरुवातीच्या तुटीत मज्जासंस्थेचा मोठा वाटा होता, कारण स्नायूला पूर्ण जोराचा हुकूमच पोहोचत नव्हता. तो पंधरा मिनिटांत सावरला, पण स्नायूची स्वतःची आकुंचनाची ताकद तासभर कमीच राहिली.

ताण दिल्याने स्नायूचा ताठरपणा कमी होतो का, ही गोष्ट मला याहून मोलाची वाटते. लांब ताणानंतर स्नायू काही वेळ खरोखर मऊ होतो आणि मग पूर्ववत होतो. डेन्मार्कमध्ये पीटर मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी काही आठवडे रोज ताण देऊन पाहिलं. १९९६ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार सांधा जास्त वाकू लागला, पण स्नायूचा ताठरपणा होता तेवढाच राहिला. वाढली होती ती ओढ सोसण्याची तयारी.

मॅकमास्टरच्या प्रयोगासारखी अर्धा तास पोटरी ताणून कुणी मैदानात उतरत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात एका स्नायूला साठ सेकंदांपेक्षा कमी ताण दिल्यावर कामगिरीत सरासरी १.१ टक्के घट दिसली, साठ किंवा अधिक सेकंद दिल्यावर ४.६ टक्के. शंभर मीटरच्या धावपटूला १.१ टक्क्यांची घटही परवडणारी नाही. म्हणून प्रशिक्षकांना विनंती, की शर्यतीआधी मुलांना हळू धावू द्या, पाय झुलवू द्या, उड्या मारू द्या. लांब ताण सराव संपल्यावर द्या.